घास चालत नाही

काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं चमचा उचलला. पोह्यांचा. हात थरथरत होता. माहा हात त्याईच्या मनगटाखाली. चमचा हनुवटीपर्यंत आला, तेवढ्यात काकूनं सहज विचारलं, "तुमच्याकडे गौरी बसतात का गं?"

"नाही काकू. आमी बुद्धाचे."

काकू थांबल्या. मंग पुढं झाल्या अन् बशी ओढून घेतली. चमचा काकांच्या बोटातून सुटला. पोहे मागच्या आंगणात, गाईच्या घमेल्यात गेले. काकू दुसरी बशी घेऊन आल्या.

"वाईट वाटून घेऊ नको बेटा. आमच्याकडे अन्नाचं जरा पाळतात."

काकांले लकवा मारलता. एक शब्द काढायचा तर घाम फुटे. त्याईनं माह्या हाताकडं पाहिलं अन् साफ बोलले, "बाटलं."

इतका साफ शब्द मी त्याईच्या तोंडून कधी आयकला नव्हता.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. लकव्यानं, अपघातानं हातपाय गेलेल्या माणसाले पुन्हा जेवणं, आंघोळ, कपडे घालणं शिकवायचं, हे माहं काम. काकांचा मुलगा बालाघाटातला मोठा डॉक्टर. मी त्या सरांच्याच दवाखान्यात नोकरीले होती. काकांले मी संडासात बसवत होती. उठवत होती. धुवत होती, पुसत होती. तवा काही बाटलं नाही.

घरी आली. माहा बाप उकव्याच्या मॅंगनीज खाणीत कामाले होता. ट्रॉलीखाली उजव्या हाताची बोटं चेंदली. शाळेत जायच्या आधी मी त्याच्या शर्टाची बटनं लावून द्यायची. एका हातानंही बटन लावता येते, हे त्याले कोणी सांगितलंच नाही. मले ते कॉलेजात समजलं.

मी त्याले पोह्यांचं सांगितलं.

"मंग तू काय म्हनली?"

"काहीच नाही."

बाबा मंग म्हणाला, "मीबी कधी काही म्हनलो नाही."

हे बशीपेक्षा जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी काकूनं दारातच सांगितलं, "आंघोळ, चालणं, कपडे, सगळं तूच कर. जेवणाचं तेवढं आम्ही बघू."

"नाही काकू. धुवायले चालते तो हात घासालेही चालला पाहिजे. नाही तर कशालेच नाही."

तशीच दवाखान्यात गेली अन् सरांले सांगितलं, मी नोकरी सोडते. सर रागावले नाहीत. हसले. "अरे, इतनी सी बात. जुनी माणसं आहेत."

मंग आयकलं, काकांची मूठ आखडली. आता उघडत नाही. मी राह्यली असती तर उघडली असती. हे खुपते. अजूनबी खुपते. पण त्या घरात पुन्हा जावं, असं एकदाही वाटलं नाही.

आता नागपूरले मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाले आहे. परवा सरांचा फोन आला.

"मास्टर्स झालं की परत ये. थेरपीचा अख्खा विभाग तुझा. डॉक्टरेटच्या भानगडीत पडू नको. तू हातानं काम करणारी मुलगी. नावाआधी डॉक्टर लागलं तर लोकांच्या घरी कोण जाईल?"

मी डगमगली. खोटं काहून सांगू? खाणीच्या धुळीनं बाबाले आता दम लागते. आई म्हणते, परत ये. लामत्याकडून, उकव्याकडून बिनबोटाची माणसं बालाघाटले येतात अन् मलमपट्टी करून परत जातात. त्याईले आज माणूस पाहिजे. पीएच.डी.ले वर्षं जातील.

पण आमच्या पुस्तकात जेवण शिकवायचा एक मोठा धडा आहे. चमच्याची मूठ जाड कशी करायची, कोपर कुठं टेकवायचं, सगळं आहे. कोणाच्या हातचा घास चालते अन् कोणाचा नाही, ते कुठंच नाही. लिहिणाऱ्याले तो प्रश्न कधी पडलाच नाही. त्याच्यासमोरून बशी कोणी ओढली नसन. मास्टर्सवर थांबली तर जन्मभर दुसऱ्यानं लिहिलेलं वापरीन. गप बसून.

पीएच.डी.च्या मार्गदर्शनासाठी मी आमच्या कॉलेजातल्या मॅडमले विषय सांगितला. थेरपिस्टची जात अन् रुग्णाचं घर.

मॅडम इकडंतिकडं पाहून हळूच बोलल्या, "हा थेरपीचा विषय नाही. समाजशास्त्राचा आहे. हाताच्या ताकदीवर काहीतरी घे, लवकर होऊन जाईल."

घरी फोन लावला, पीएच.डी. करायचं सांगितलं. आई रडली. मंग बाबानं फोन घेतला.

"किती वर्षं?"

"लागतील तेवढी."

तो खोकला. दम घेतला. "मी ये म्हनत नाही."

बालाघाटच्या सरांले कळवलं, येणार नाही. एका मॅडमनं नाही म्हटलं. दुसऱ्या प्राध्यापकांनी अजून उत्तर दिलं नाही. तेही नाही म्हणतील, तर तिसऱ्याले विचारीन. नागपुरात नाही तर दुसऱ्या गावात. पीएच.डी. करीन.

विषय बदलणार नाही.