डोमाने खर्रा खाल्ला नव्हता

डोमा गेला, ही बातमी मला आमगावच्या पानठेल्यावर कळली. ठेलेवाला माझ्यासाठी खर्रा घोटत होता. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीवर हात फिरत होता आणि फोन वाजला. डोमाची बायको, शेवंता वहिनी, एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, गेले हो." मी "डोमा गेला" म्हणत फोन खिशात घातला तर ठेलेवाला हात न थांबवता बोलला, "राईस मिलमधला डोमाजी का? गळ्याचा कॅन्सर ना? चोरून खात असन बाप्पा. खाल्ल्याशिवाय कोनाले होते का?" बाजूच्या दोघांनी माना हलवल्या आणि दोघेही पिचकन थुंकले. मला त्या लाल थुंकीची शिसारी आली. पण पन्नी मी घेतलीच. पन्नास वर्षांची सवय हात पुढे करते, मन कुठेही असो.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यामुळे लिहिण्यात कमीजास्त होईल, पण जे लिहितो ते खरं लिहितो आणि खोडणार नाही. डोमा आणि मी एकाच मिलमध्ये चाळीस वर्षं होतो. मी हमाल, तो परखीवाला. गाडी आली की लोखंडी पोकळ परखी पोत्यात खुपसायची, चार दाणे हातावर घ्यायचे, तळव्यावर चोळून साल काढायची आणि एक दाणा दाढेत धरायचा. कट् असा आवाज आला तर धान सुकं. आवाज न येता दाणा चेपला तर ओलं. पुढे मिलमध्ये ओल मोजायची मशीन आली, तरी शेटजी मशीन पाहून झाल्यावर डोमाच्या तोंडाकडे पाहायचे. जुनं धान नवीन धानात मिसळलेलं तो जिभेवर ओळखायचा. म्हणून त्याने खर्रा कधी तोंडात घातला नाही. आमच्या भागात समोर धरलेला खर्रा नाकारणं म्हणजे माणसाचा अपमान. लग्नात, पंचायतीत, कुठेही त्याच्यापुढे पन्नी आली की तो हात जोडायचा आणि लोक नाराज व्हायचे. मी तर सगळ्यांदेखत म्हणायचो, "का गा डोमा, तुझं तोंड देवघर आहे का?" तो म्हणायचा, "माझं तोंड माझं औजार आहे, मन्साराम. तू आपला फावडा चुन्यात भिजवून ठेवशील का?" मग मीच हसायचो. त्याचे दात या वयातही मक्याच्या कणसासारखे होते. माझे कसे आहेत ते सांगत नाही.

मागच्या साली धानाच्या रोवणीच्या दिवसांत ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये तोंड तपासायचा कॅम्प लागला. गावच्या सगळ्या खर्रेवाल्यांची लाइन. मी उभा होतो तर मागे पाहतो, डोमा. जबड्याखाली एक गाठ आली होती, चण्याएवढी, दुखत नव्हती. त्याने मला बोट लावून दाखवली. मी काय केलं असेल? हसलो. मोठ्याने म्हटलं, "अरे, हे खर्रा खानाऱ्याची लाइन आहे बे, तू कायले उभा रायला?" सगळी लाइन हसली. नर्सबाई कागद घेऊन आल्या, त्यांनी विचारलं, "काका, तंबाखू, खर्रा?" डोमाने तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, "याच्या सात पिढीत कोनी नाई खाल्ला. याले घरी पाठवा, रोवणीची बांधी वाट पाहून राहिली." बाईंनी कागदावर काट मारली. डोमा घरी गेला. माझं तोंड पाहिलं, पुरतं उघडत नाही, तीन बोटं आत जात नाहीत म्हणाले, खर्रा सोडा म्हणाले. मी बाहेर येऊन खर्रा खाल्ला.

गाठ वाढत गेली. रोवणी झाली, निंदण झालं, धान पिकलं... डोमा कानात तेल घालत राहिला, कारण दाणा चावला की दुखायचा तो कान. कानाचा डॉक्टर झाला, दाताचा झाला, कॅन्सरचं नाव कोणी घेतलं नाही. मीही नाही. आमच्या डोक्यात खर्रा आणि कॅन्सर असे एकमेकांना बांधलेले, की ज्याने खर्रा खाल्ला नाही त्याला तो रोग शिवणारच नाही, हे आम्ही धरूनच चाललो. कापणी झाल्यावर घास उतरेना, तेव्हा नागपूरला नेलं. वहिनी एकट्या पडतील म्हणून मी सोबत गेलो. तपासण्या झाल्या, आणि रिपोर्ट सांगायला तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी आत शिरताच छातीवर हात ठेवून म्हटलं, "मॅडम, शपथ घेऊन सांगतो, यानं कधी खर्रा खाल्ला नाई." त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. गाठीचा तुकडा रंगवून पाहिला, त्यात दिसलं. हे विषाणूचं आहे."

मग त्यांनी डोमाला आणि मला समजावून सांगितलं, आणि मी ते दोनदा विचारून पक्कं केलं. अंगाच्या एकेका बारीक पेशीत सगळं काम कसं करायचं ते लिहिलेलं असतं, त्याला जीन्स म्हणतात. त्यातच राखणदार घडवायचंही लिहिलेलं असतं. पेशी बिघडली, बेलगाम वाढायला लागली, की राखणदार तिला थांबवतो. तंबाखू ते लिखाणच नासवते, मग राखणदार लुळाच जन्मतो. डोमाच्या घशात तसं झालं नव्हतं. त्याचं लिखाण चांगलं होतं, राखणदार धडधाकट घडत होते. पण टॉन्सिलमध्ये एक विषाणू कित्येक वर्षांपासून घर करून बसला होता. त्याचा हुकूम असा चालायचा, की पेशी आपल्याच राखणदाराला घडल्याबरोबर मोडीत घालायची. घर डोमाचं, हात डोमाचे, आणि हुकूम दुसऱ्याचा. ऐकूनच किळस आली मला.

मी विचारलं, "मग मले काऊन नाई झालं?" त्या म्हणाल्या, "तुम्हालाही विषाणू येऊन गेला असेल. पुष्कळांना येतो, नवराबायकोतही जातो-येतो, पत्ता लागत नाही. बहुतेकांचं अंग त्याला काढून टाकतं, काहींचं नाही काढत. जन्मापासून मिळालेल्या जीन्सचा त्यात थोडा हात असतो. पुरतं आम्हालाही माहीत नाही. पण त्यात कोणाचा दोष नाही, आणि सोबत जेवल्याने तो लागत नाही." मग कागद बंद करता करता म्हणाल्या, "अशी गाठ रेडिएशनच्या शेकाला, औषधाला तंबाखूच्या गाठीपेक्षा बरी ऐकते. थोडं लवकर आले असते तर..." डोमाने माझ्याकडे पाहिलं नाही. मीच खाली पाहिलं.

शेक झाले, औषधं झाली. उशीर झाला होता तो झालाच. शेवटी आवाज गेला होता. एक दिवस त्याने मला कान जवळ आणायला लावला आणि घरघरत म्हणाला, "गाव म्हनते मी चोरून खाल्ला. सांगशील ना?" मी म्हटलं, सांगीन. त्याने बाकी काही मागितलं नाही.

तेरवीला पंगत उठली आणि रीतीप्रमाणे खर्ऱ्याच्या पन्न्या फिरल्या. गळ्याच्या कॅन्सरने गेलेल्या माणसाच्या तेरवीला खर्रा! लोक मळत होते, एकमेकांच्या तळहातावर देत होते, आणि डोमाने दर दिवाळीला चुन्याने पोतलेल्या भिंतीवर थुंकत होते. एक जण म्हणाला, "देवमानूस होता, फक्त तेवढं लपवलं त्यानं." मी उठलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. राखणदार सांगितला, विषाणू सांगितला. मळणारे हात थांबले. मला वाटलं, समजलं. मग मागून आवाज आला, "विषाणू? म्हनजे लागते का?" आणि हात धुवायला ठेवलेल्या डोमाच्या घरच्या लोट्यापासून चार माणसं मागे सरकली. दुसऱ्याने हलकेच विचारलं, "नवराबायकोतही जाते म्हनतोस... मग याले कोठून आला गा?" आणि हसला. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, पुरे. आता आनखी सांगू नका." खोट्या डागाच्या जागी मी त्याहून घाण डाग लावून बसलो होतो. मला त्या गावाचा वीट आला, अजून आहे. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी एक गोष्ट मी सांगितली नाही. लाइनीतून त्याला मीच काढलं होतं, हे सांगितलं नाही. सगळ्यांसमोर मान खाली घालायची वेळ आली तेव्हा माझी मान ताठच राहिली. या लाजेपुढे ती थुंकी काहीच नाही.

गेल्या आठवड्यात नवीन धान आलं. वहिनींच्या अंगणात पोती लागली होती. मी जाऊन ती कॅम्पची गोष्ट सांगून टाकली. त्या सुपात दाणे पाखडत होत्या. म्हणाल्या, "मले ठाऊक आहे. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यायनं. हासत होते, म्हने मन्सारामनं मले हाकललं." सूप थांबलं नाही.

परखी दाराच्या मागे खिळ्याला टांगली होती, जिथे तो टांगायचा तिथेच. मी ती काढली, पोत्यात खुपसली, दाणे तळव्यावर चोळले आणि एक दाढेत धरला. चाळीस वर्षं त्याला पाहत आलो होतो. काही कळलं नाही. ओला की सुका, काहीच नाही. तोंडभर चुना आणि तंबाखू, दुसरी चव नाही. खर्रा सुटला असं लिहिणार नाही, सुटलेला नाही. वहिनींनी माझ्या हातावरचा एक दाणा उचलला, दाढेखाली धरला आणि मान तिरपी करून ऐकलं, अगदी त्याच्यासारखं.

"ओला आहे," म्हणाल्या. "दोन दिवसाचं ऊन पाहिजे. आन् भाऊजी, थुंकाचं असन तर आंगनाच्या बाहेर."

मी बाहेर जाऊन थुंकलो, चूळ भरली, आणि येऊन पोती उघडून धान पसरायला लागलो.