गार चिखलाखाली

लिनो बाग्तांगची उमर फिलिपिन्समधल्या बेंगेतच्या डोंगरात सोनं खणण्यात गेली. धुळीनं छाती धरली तेव्हा खाण सुटली आणि तो गावच्या बचाव पथकात शिरला. उष्णता टिपणारा कॅमेरा पथकात त्याच्याच हाती असायचा. रानात चुकलेली माणसं त्यानं त्यावर हुडकली होती. त्यामुळे लोकांना वाटायचं, लिनोला जमिनीच्या पोटातलंही दिसतं.

वादळी पावसानंतर एका सकाळी डोंगर खचला आणि त्याच्या थोरल्या भावाचं, एस्तेबानचं घर गाडलं गेलं. भावजय कोनचिता रताळी काढायला पलीकडच्या शेतात गेली होती, म्हणून वाचली. लिनो तिला मानांग, म्हणजे ताई म्हणायचा, आणि ती त्याला आडिंग, म्हणजे धाकटा भाऊ.

लिनो धावत पोचला, तेव्हा ती चिखलात एका जागी घट्ट उभी होती. "आडिंग, इथं बघ. चूल इथंच होती. कॉफी करत बसला होता तो."

लिनोनं कॅमेरा रोखला. पडद्यावर तिथं नुसता काळोख. खालच्या अंगाला, पत्र्यांच्या ढिगातल्या एका फटीत मात्र एक पांढरा डाग लख्ख दिसत होता.

"मानांग, तिकडं ऊब आहे!"

"अरे, पण चूल—"

"कुणीतरी जिवंत आहे!"

फावडी तिकडं धावली. पत्रे उचलले, तर खाली डुकरीण, पोटाशी पिल्लं घेऊन.

मग सगळे चुलीच्या जागी आले. हातभर खणल्यावर एस्तेबान लागला. श्वास थांबला होता, पण अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं.

ओला चिखल आतली ऊब वर येऊ देत नाही. कॅमेऱ्याला दिसतो तो फक्त वरचा थर. साधी काच आड आली तरी माणूस त्यात दिसेनासा होतो. लिनोला हे सगळं ठाऊक होतं. पण तो पांढरा डाग दिसला आणि त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

मयताच्या जेवणाला रीतीप्रमाणे डुक्कर हवं होतं. तीच डुकरीण कापली. लिनोनं ताटाला हात लावला नाही.

"मानांग, शिव्या तरी घाल मला."

कोनचितानं त्याचं ताट बाजूला सारलं. "कशाला? त्या पत्र्यांकडं धावताना तुझ्यापुढं मीच होते की रे."

शिव्या परवडल्या असत्या.

लिनोनं पथक सोडलं नाही. पण आता कुठं दरड कोसळली, की कॅमेरा पिशवीतच राहतो. तो आधी घरच्या माणसाला गाठतो आणि विचारतो, "शेवटचं कुठं पाहिलंत त्यांना?" आणि त्यांनी दाखवलेल्या जागी स्वतः पहिलं फावडं घालतो.