पंधरा दिवस वेगळे ठेवले

भाऊसाहेबांच्या खिशाला पाच पेनं असायची आणि पाचांतलं एकही नवं नसायचं. एक निळं, एक काळं, एक निळंच पण जरा फिकट उमटणारं, एक गळकं आणि एक मधूनच अडणारं. गळक्या पेनाचा त्यांना विशेष अभिमान. "एका पेनानं लिवलेली सहा म्हैन्यांची वही म्हंजे गुन्ह्याची कबुली," असं ते म्हणायचे. "मानूस सहा म्हैनं एकच पेन जपतोय व्हय? हरवतंय, कोनतरी ढापतंय. वहीत त्ये दिसाय पायजे की!" मी त्यांच्याकडून शिकलेला हा पहिला धडा. तो खोटं कसं लिहावं याचा होता, हे आधीच सांगून टाकतो.

ते मूळचे तलाठी. सगळी नोकरी गडहिंग्लजकडच्या खेड्यांत झाली. तिकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, ते नाव निवृत्तीनंतरही अंगाला चिकटून राहिलं. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. कोल्हापुरात माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत ते एकटेच राहायचे आणि जेवण झालं की खाली येऊन स्टुलावर बसायचे. माशांची आवड म्हणाल तर शून्य. गप्पी कुठला आणि मोली कुठला हेही कळायचं नाही. "हितं गार लागतंय आनि कोन बोलत न्हाय," एवढंच कारण.

मग नियम आले. दुकानाची नोंदणी करा, वही ठेवा. माल कुठून आला, कधी आला, किती आले, नवे मासे पंधरा दिवस वेगळ्या टाकीत ठेवले का, किती मेले, कशाने मेले, मेलेले कुठे टाकले. नियम वाईट नव्हता. नवा मासा वरून ठणठणीत दिसला तरी आतून आजार घेऊन आलेला असू शकतो, आणि वेगळा ठेवला तर तो आजार त्याच्यापुरताच राहतो. पण पंधरा दिवस माल अडवायचा म्हणजे दारात आलेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवायचं. गावात आम्ही सात दुकानदार, सातही जणांनी कपाळाला हात लावला. पहिली तपासणी आठ दिवसांवर आली तेव्हा माझी वही कोरी करकरीत होती. भाऊसाहेब स्टुलावरूनच म्हणाले, "आन हिकडं."

त्या एका दुपारी त्यांनी सहा महिने लिहून काढले. "भाऊसाहेब, मासे न बघता कसं लिहिणार?" असं मी बावळटासारखं विचारलं. ते खो-खो हसले. "आरं, बांधावर पाय न ठेवता मी आख्ख्या शिवाराची पीकपाहणी लिवलीया. चावडीत बसून ऊस उभा केलाय, भुईमूग काढलाय. तुजा मासा काय चीज हाय?"

आणि खरोखरच तो माणूस कलाकार होता. सगळे मासे जगलेले दाखवायला त्यांची सक्त मनाई. "सगळीच जगली की सायबाला संशय येतोय. दोन मारूया." मग कॅलेंडरवर बोट फिरवून अमावास्या शोधायची आणि त्या दिवशी दोन काळ्या मोली मारायच्या. मरणाचं कारण, प्रवासाचा ताण. एखाद्या पानावर टाकीतलं पाणी शिंपडायचे, म्हणजे वही टाकीजवळच लिहिल्यासारखी वाटते. बाकी प्रत्येक पेटीपुढे त्या मोत्यासारख्या अक्षरात एकच वाक्य: 'पंधरा दिवस वेगळे ठेवले. सर्व निरोगी.' मागच्या बाजूला एक रिकामी टाकी होती, तिच्यावर त्यांनी 'विलगीकरण' अशी पाटी रंगवून लावली. त्या टाकीत मी जाळ्या आणि खाद्याची पाकिटं ठेवत असे.

तपासणीला आलेल्या बाईसाहेबांनी माझी वही इतर दुकानदारांना नमुना म्हणून दाखवली. झालं, सातही दुकानांच्या वह्या भाऊसाहेबांकडे आल्या. पैशाला त्यांनी कधी हात लावला नाही. चहा आणि मूठभर भडंग, बस्स. आम्ही सगळे त्यांच्या जिवावर बिनघोर होतो. मला तर ते फार आवडायचे. वडील गेल्यानंतर मला अरेतुरे करणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

आता सुमनवहिनींचं सांगायला हवं, आणि तेच सांगायला जड जातं. हातकणंगल्याच्या अलीकडे एका वाडीत त्या रंगीत कोई मासे वाढवायच्या. घरामागे विहिरीच्या पाण्यावरच्या दोन मोठ्या टाक्या, आणि घराला लागून नळाच्या पाण्याची एक लहान. आमच्या दुकानांतली कोईची पिल्लं बहुतेक त्यांचीच. पिल्लं देणाऱ्या जुन्या माद्यांना त्या 'माज्या म्हाताऱ्या' म्हणायच्या. नऊ वर्षं सांभाळलेल्या, एकेकीला अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखायच्या. मी कधी गेलो तर आधी म्हाताऱ्या दाखवायच्या आणि मग चहा टाकायच्या.

एका वर्षी त्यांना नवं वाण हवं होतं म्हणून त्यांनी आमच्यापैकी तिघांकडून नर नेले. माझ्याकडचे चार. ते सगळे त्यांनी घराजवळच्या लहान टाकीत ठेवले, मधे चार दिवस एका मोठ्या टाकीत माद्यांबरोबर सोडले आणि परत आणले. आठ-दहा दिवसांत त्या मोठ्या टाकीतले मासे मरायला लागले. कल्ले पांढरे पडायचे, तोंड वर काढून धापा टाकायचे आणि उलटे व्हायचे. नर मात्र दिसायला धडधाकट. दुसऱ्या मोठ्या टाकीत अकरा म्हाताऱ्या होत्या, त्यांना अजून काही झालेलं नव्हतं.

प्रश्न सरळ होता. आजार नव्या नरांनी आणला, की विहिरीचं पाणीच बिघडलं? शेजारच्या उसावर नुकतीच फवारणी झाली होती. पाणी बिघडलं असेल तर अकरा म्हाताऱ्या तिथून उचलून नळाच्या पाण्यात, म्हणजे नरांच्या टाकीत हलवायला हव्यात. आजार नरांचा असेल तर त्यांना नरांच्या वाऱ्यालाही उभं करून चालणार नाही. वहिनींना कोणीतरी सांगितलं, दुकानांच्या वह्या बघा, त्यात सगळं असतं.

त्या दुपारच्या उन्हात आल्या, पदरानं तोंड पुसत. "दादा, तुमची वही बघू द्या. दोन दुकानांतल्या बघितल्या, तुमचीच ऱ्हायलीया." भाऊसाहेब स्टुलावर चहा पीत होते. मी वही काढून दिली. माझे चार नर सोमवारच्या पेटीतून आले होते आणि बुधवारी वहिनींना विकले होते. त्या पेटीत दोन मासे मेलेलेच आले होते, तेही मला ठाऊक होतं. वहिनींनी ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचलं, "पंधरा दिवस वेगळे ठेवले. सर्व निरोगी." मग भाऊसाहेबांकडे वळून म्हणाल्या, "तुमचं अक्षर लई झ्याक हाय बगा. आमच्यासारख्यांस्नी वाचाय बरं पडतंय."

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी काउंटरवरची पाकिटं सरळ करायला लागलो.

"म्हंजे नर चांगलं हाईत," वहिनी म्हणाल्या. "हिरीनंच घात केला म्हनायचा. आजच हलवते म्हाताऱ्यास्नी." आणि चपला घालून गेल्या.

एका शब्दाचं काम होतं. नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर आलंय, मी तोंड उघडलं तर सात दुकानं उघडी पडतील, अशी बरीच कारणं मला त्या अर्ध्या मिनिटात सुचली. खरं कारण एवढंच की मी भ्यालो. वहिनींचा नंबर माझ्या फोनमध्ये होता आणि संध्याकाळपर्यंत मी तो दोनदा काढून बघितला. भाऊसाहेब एवढंच म्हणाले, "आपन बोलाय पायजे हुतं." त्यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "लिहिलंय तुम्ही, भाऊसाहेब." त्यांनी मान हलवली आणि जिना चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते वहिनींच्या वाडीला गेले आणि दुपारी परत आले. "हलवल्यात," म्हणाले. "कालच, सांजच्याला." तिथे आणखी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन आठवड्यांत अकराही म्हाताऱ्या गेल्याचं दुसऱ्या दुकानदाराकडून कळलं. वहिनींनी धंदा बंद केला. मी रोज वाट बघत होतो, आज तक्रार येईल, उद्या येईल. आली नाही. म्हणजे भाऊसाहेबांचीही हिंमत झालेली नाही, असं मी धरून चाललो, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याचं मला बरं वाटलं.

त्यानंतर त्यांनी सहा दुकानांच्या वह्या परत करून टाकल्या. "तुजी तेवढी लिवीन," मला म्हणाले, "पर मासं मोजून." सकाळी दहाला चष्मा पुसत हजर. निऑन टेट्रा म्हणजे टाचणीएवढा मासा, चाळीस जण एकदम वळतात. भाऊसाहेब एकतीसपर्यंत जायचे, चुकायचे आणि काचेवर बोट आपटून ओरडायचे, "थांबा की गप जरा!" मागची टाकी त्यांनी मला रिकामी करून, घासून पाण्यानं भरायला लावली. आलेली प्रत्येक पेटी आधी तिथे. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी, "आजून न्हाय. पुढच्या गुरवारी या." मी चिडायचो. एकदा म्हणालोसुद्धा, "दुकान माझं आहे." ते शांतपणे म्हणाले, "व्हय. आनि वही माजी हाय."

मरण आता अमावास्येची वाट बघत नव्हतं. गप्पींची एक पेटी आली, चार दिवसांत त्यातले तीस गेले. त्यांनी तीसच्या तीस लिहिले, कधी, कसे, कुठे पुरले त्यासकट. पुढच्या तपासणीला बाईसाहेबांच्या कपाळाला आठ्या. "पूर्वी तुमच्याकडे इतके मरत नव्हते." भाऊसाहेब म्हणाले, "पूर्वी मी मोजत न्हवतो, बाईसाहेब." बाईसाहेबांना तो विनोद वाटला. तरी जाताना सुधारणा करण्याची लेखी सूचना देऊन गेल्याच. खऱ्या वहीला मिळालेलं ते पहिलं बक्षीस. भाऊसाहेबांनी ती सूचनाही वहीला डकवून ठेवली.

अशी तीन वर्षं गेली. या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात मी जाऊन बसायचो. नाकात नळी, बोलताना धाप लागायची. एका सकाळी खूण करून जवळ बोलावलं. मला वाटलं, मुलासाठी काही निरोप असेल. "मागच्या टाकीचा कितवा दिस?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "अकरावा." "आजून चार हाईत. इकू नगस." दोन दिवसांनी ते गेले. मुलगा पुण्याहून आला, चांगला माणूस आहे. रक्षाविसर्जनाच्या दिवशी त्यानं मला विचारलं, "बाबा तुमच्याकडे कामाला होते का?" कामाला नव्हते, म्हणालो.

घरी आल्यावर मला चैन पडेना. म्हटलं, त्यांचं राहून गेलं ते आपण तरी करावं, वहिनींना खरं सांगून यावं. रविवारी एसटी पकडून गेलो. विहिरीजवळच्या टाक्या मातीनं भरलेल्या होत्या, त्यात मेथी लावली होती. वहिनी दाराबाहेरच्या कट्ट्यावर मिरच्यांची देठं खुडत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं. "या पावणं," म्हणाल्या. पूर्वी दादा म्हणायच्या.

"भाऊसाहेब गेले," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. "तरीच म्हनलं, ह्या म्हैन्यात कसं आलं न्हाईत."

"इथे यायचे?"

"दर म्हैन्याला. पैल्यांदा आलं त्ये म्हाताऱ्या हलवल्या त्येच्या दुसऱ्या दिशी. म्हनलं, वही खोटी हाय. म्या एकट्यानं लिवलीया, दुकानदाराच्या माघारी. त्येला कायबी ठावं न्हाय. सायबाकडं जायाचं तर माजं नाव सांगा." त्यांनी देठं मुठीत गोळा केली. "आता म्हाताऱ्या मान्साला कुटं सायबाकडं न्यायचं? पर लई बोलली मी. तोंडाला यील त्ये बोलली. तरी फुडल्या म्हैन्यात आलं, त्येच्या फुडल्याबी. हितंच बसायचं, खाली मान घालून. आत या म्हनलं न्हाय कवा, पानी इचारलं न्हाय. तीन वर्सं मी बोलायची आनि त्यांनी ऐकून घ्यायचं. मंग एस्टीची येळ झाली की उठायचं."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"तुमास्नी खरंच ठावं न्हवतं न्हवं, दादा?"

"ठाऊक होतं," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून. तुम्ही वही वाचलीत तेव्हाही."

आता माझी पाळी आहे हे धरूनच मी गेलो होतो, ओरडल्या असत्या तर सुटल्यासारखं वाटलं असतं. पण त्यांनी आवाज चढवला नाही. मांडीवरची मिरच्यांची परात बाजूला ठेवली आणि रस्त्याकडे बघत म्हणाल्या,

"मंग त्यास्नी मी निम्मंच बोलाय पायजे हुतं."