खिळ्याचा मान

बावड्याच्या मानसिंगतात्याला निवांत बसलेलं मी कधी बघितलं नाही. जेवायला बसला तरी एक गुडघा वर, चहा घेतला तर उभ्यानं, आणि दुसऱ्याच्या घरी गेला तर उंबऱ्यातच. "येतो" म्हणायच्या आधी त्याची गाडी सुरू झालेली असायची. डाळिंबाची बाग त्याच्या नावावर, पण राबायची संजीवनीकाकू. "बाग माजी, बांध माजा, आन् नवरा बारामतीच्या हालाचा," असं काकू चारचौघांत सांगायची, आणि तात्या त्यावर हसायचासुद्धा नाही, कारण ऐकायला तो तिथं नसायचाच.

हा हाल म्हणजे बारामतीतलं कलादालन. चित्रांचं. आमच्याकडचा माणूस चित्र बघायला पैसे देईल हे कुणाला सांगितलं तर तो तोंडाकडं बघत राहील. तात्या तरी कुठं चित्र बघायला गेला होता? बागेचं औषध आणायला गेला, दुकानदार जेवायला गेलेला, ऊन मी म्हणत होतं, म्हणून सावलीला शेजारच्या इमारतीत शिरला. आत एका चित्रात ऊसतोडीची बाई फडात बसून भाकरी खात होती. पाठमोरी. तात्या तिच्यापुढं उभा राहिला तो दुकान उघडून पुन्हा बंद व्हायची वेळ झाली तरी तिथंच. मग राखणदारावर खेकसला, "ह्या बाईच्या डोक्यावर गळतंय की रं! दिसत न्हाय व्हय?" चित्राच्या वरच्या कोपऱ्याला ओल धरली होती.

तेव्हापासून तो त्या दालनाला जो चिकटला तो चिकटलाच.

दालनाचा इतिहास त्याला कलादालन समितीच्या अध्यक्षांनी, ज्ञानेश वकिलांनी सांगितला. जागा एका आडत्यानं दिली, वडलांचं नाव दारावर लागावं म्हणून. इमारत उभी राहिली उसाच्या बिलातनं. टनामागं थोडकं कापलं गेलं आणि आपण चित्रांसाठी देणगी दिली हे निम्म्या शेतकऱ्यांना आजही ठाऊक नाही. पंखे डॉक्टर लोकांनी दिले. प्रत्येक पात्यावर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ लिहिलेलं, पंखा लावला की वाचता यायचं नाही, म्हणून देणगीदार आले की पंखे बंद ठेवायचे आणि पाहुण्यांनी घामानं निथळायचं. भिंतीला, पंख्याला, बाकड्याला सगळ्यांनी दिलं. चित्र विकत घ्यायला मात्र कुणी दिलं नाही, कारण चित्रावर नाव टाकायला जागा नसते. तिथं चित्रकाराचंच असतं.

तात्यानं यावर आपल्या गावच्या जत्रेतला तोडगा काढला. जत्रेत मानाच्या नारळाची बोली लागते, निशाण चढवायची बोली लागते. तशी त्यानं खिळ्यांची बोली लावली. भिंतीवर चित्र टांगायचं तर खिळा लागणार. ज्याची बोली वरचढ, त्यानं आपल्या हातानं खिळा ठोकायचा. चित्र बदलेल, खिळा बदलणार नाही. तो त्या घराचा. "भिंत हाय तवर तुमचा खिळा कुणी हलवणार न्हाय," तात्यानं भर दालनात सांगितलं. "ही मानसिंगची जबान."

माणसं तुटून पडली. चित्रापायी नाही, एकमेकांच्या इरेसरीपायी. सांगवीच्या दत्तोबा आबांनी वेशीवरच्या भावकीला मागं टाकलं आणि चार दिवस पोट धरून हसत होते. त्या पैशातनं चित्रं आली, चांगली आली. पण एक गंमत झाली. ज्यानं त्यानं आपल्या उंचीनं खिळा ठोकला. ताडमाड पाटलाचं चित्र छताला टेकलेलं, बुटक्याचं छातीला. दालनात शिरलेल्या माणसाला एकदा मान वर, एकदा कंबर खाली, असं कवायत केल्यागत फिरावं लागायचं. पुण्याचे चित्रकार आले की कपाळाला हात लावायचे.

सगळ्यात खाली खिळा होता भिगवणच्या दगडाबाईचा, थेट दारासमोर. दगडाबाई मासळीवाली. रोज पहाटे उजनीच्या मासळीच्या लिलावात उभी राहणारी, त्यामुळं बोली कुठं थांबवायची आणि कुठं रेटायची हे तिला कुणी शिकवायला नको. तिनं दालनात पहिली बोली दिली तेव्हा मागनं कुजबूज झाली, "मासळीवालीला बी मान द्यायचा का आता?" तात्यानं ती ऐकली आणि "एक वार, दोन वार, तीन वार" एका दमात म्हणून टाकलं. पुढच्याला तोंड उघडायला सवडच दिली नाही.

हे सगळं ठीक चाललं होतं. छत मात्र गळतच होतं. दरसाल पावसात चित्रं उतरवायची, पुसायची, पुन्हा चढवायची. गेल्या साली तीन-चार चित्रांवर बुरशी आली आणि त्यात ती भाकरी खाणारी बाई पण गेली. खांद्यापासनं खाली नुसता हिरवा डाग. तात्याला त्यानंतर झोप लागायची नाही. काकू म्हणायची, "कूस बदलून बदलून गादीचा कापूस एका अंगाला केलाय ह्यांनी."

अशात राजवर्धन आला. मूळचा बारामतीचा, पुण्यात मोठमोठ्या इमारती बांधणारा. बोलायला गोड आणि खरोखर चित्रांचा दर्दी. म्हणाला, "छत मी करतो, दिवे मी देतो, भिंती नव्या करून देतो. नाव नको मला. फक्त हे खिळे काढा. वर एकसलग पट्टी बसवू, तिच्यावरनं तारेनं चित्रं सोडू. सगळी एका रेषेत." खिळेवाल्यांच्या नावांची एक पाटी दाराशी लावायची, हेही त्यानंच सुचवलं. एकच म्हणणं, कुणाचं मन दुखवून नको. सगळ्यांचा होकार पावसाच्या आत आणा.

वकील तात्याकडं वळले. "मानसिंगराव, शब्द तुमी दिलेला. होकार बी तुमीच आणायचा."

तात्या गावोगाव फिरला. पहिल्यांदा सांगवीला. दत्तोबा आबा वारलेले, त्यांचा पोरगा अविराज टेम्पोत ढोबळी मिरची भरत होता.

"कसला खिळा, तात्या?"

"तुज्या आबांचा. बारामतीच्या हालातला."

"आबांनी तितं खिळा ठोकला व्हता? कशापायी?" अविराजनं पोतं वर फेकलं. "काढा की मग. मला ईचारायला कशाला एवढ्या लांब आलासा? फोन करायचा."

असंच सगळीकडं. कुणी "काढा", कुणी "आमचा हाय व्हय?", कुणी टीव्हीवरची नजरही हलवली नाही. होकार भराभरा मिळत गेले आणि तात्याचं टाळकं तापत गेलं. संध्याकाळी घरी आला तो बागेत नुसता येरझारा घालायला लागला.

"समद्यांनी व्हय म्हनलं न्हवं?" काकूनं विचारलं. "मग त्वांड का असं एरंडेल प्याल्यावानी?"

"भांडलं असतं एखादं तर बरं वाटलं असतं."

"मग ऱ्हायलेल्या भिगवणला जा. तितं तुमची हौस फिटंल."

भिगवणला दगडाबाई हायवेच्या कडेला टोपलं मांडून बसली होती. चिलाप मासे, वर ओलं फडकं. तात्यानं सगळं सांगितलं. छत, राजवर्धन, पट्टी, पाटी. ती माशी हाकलत ऐकत राहिली.

"पाटीवर नाव मेलेल्याचं लावत्यात," ती म्हणाली. "मी जित्ती हाय."

"बाई, छत गळतंय. चित्रं कुजाया लागल्यात."

"मग छत करा. मी काय छताला धरून बसलेय?"

"खिळं काढल्याबिगर तो देत न्हाय."

"माजा न्हाय निघायचा." तिनं फडकं पिळलं. "तात्या, आमच्या गावच्या देवळात नारळाची बोली लागती. आमी मागं हुबं ऱ्हायचं. बोली दिली तर ऐकू आलं न्हाय म्हणत्यात. एवढा माजा आवाज, हायवेच्या पलीकडं ऐकू जातोय, आन् देवळात ऐकू येत न्हाय! तुज्या हालात पैल्यांदा कुणीतरी तीन वार म्हनलं. आता तूच म्हणतोस काढ. मग त्यांच्यात आन् तुज्यात फरक काय?"

तात्या गाडीकडं वळला. ती म्हणाली, "मासं घिऊन जा. संजीवनीला सांग कालवण तिखट कर." ते त्यानं घेतले नाहीत. गाडीला किक मारली, ती दोनदा फुकट गेली.

पुढचे दिवस त्यानं कसे काढले ते काकूलाच ठाऊक. डाळिंबाला पाणी सोडायचं आणि बंद करायचं विसरायचं. कधी म्हणायचा, एका खिळ्यापायी सगळी चित्रं कुजवायची का? कधी म्हणायचा, जबान म्हणजे काय डाळिंब हाय, डागी निघालं की टाकून द्यायला? आणि मधनंच तिसरी गोष्ट डोक्यात यायची, ती त्यानं मला बऱ्याच दिवसांनी सांगितली. दगडाबाई दालनात कधी येते? सालातनं एकदा, तेही आली तर. समितीत कुणी विचारणार नव्हतं. "समद्यांनी व्हय म्हनलं" एवढंच म्हणायचं होतं. छत झालं असतं.

बैठकीला राजवर्धन स्वतः आला होता. वकिलांनी विचारलं, "काय मानसिंगराव, झालं का सगळ्यांचं?"

तात्या उभाच होता, दाराशी.

"एक सोडून."

"कोण?"

"भिगवणची दगडाबाई. ती न्हाय म्हणती."

कुणीतरी हसलं. वकील म्हणाले, "अहो, मग समजावा की तिला."

"समजावलं. तीच बरोबर हाय."

राजवर्धन शांतपणे म्हणाला, "तात्या, एक खिळा ठेवला तर ती रेघच मोडते. आणि उद्या दुसरेही म्हणतील, आमचाही ठेवा."

"म्हणू द्या की. त्येंचा बी ठेवावाच लागंल."

"एका बाईपायी छप्पर घालवता तुमी?" वकिलांचा आवाज चढला.

"बाईपायी न्हाय, वकीलसाहेब. माज्या तोंडापायी. उद्या ह्याच भिंतीपुढं मी पुन्यांदा बोली लावायला हुबा ऱ्हायलो, तर माज्या तीन वाराला काय किंमत?"

राजवर्धननं फार ताणलं नाही. हात जोडले आणि गेला. ते पैसे पुढं पुण्यातल्या कुठल्याशा संस्थेला गेले म्हणतात. वकील तात्याशी बोलायचे बंद झाले. अजूनही बोलत नाहीत, काही सांगायचं तर राखणदाराकडनं निरोप धाडतात.

पण ही बातमी गावोगाव पोचली आणि आमच्या माणसांची जात कळली. भिगवणच्या मासळीवालीनं पुण्याच्या बिल्डरला परत धाडलं, आणि आपण? आपण टेम्पो भरता भरता खिळा देऊन बसलो? अविराजचाच फोन पहिला आला. "तात्या, आबांचा खिळा हाय तितंच ठेवा. कुणी हात लावला तर सांगा."

"खिळ्याचं सोड," तात्या म्हणाला. "छतावर पत्रा घालायचा हाय. आयतवारी बोली हाय. यायचं तर ये."

आयतवारी दालनात पत्र्यांची बोली लागली. नेम तोच, बोली ज्याची त्यानं वर चढून आपला पत्रा आपल्या हातानं बसवायचा. माणसं आली, पण पहिल्यासारखी नाही. काही जण नुसते मजा बघायला आले आणि सरबत पिऊन गेले. बोली निम्म्या छतावर येऊन थांबली ती थांबलीच. तात्यानं घसा कोरडा करून घेतला, पुढं सरकली नाही.

दगडाबाईनं एक पत्रा घेतला. शिडीला पदर खोचून चढली, खाली अविराज शिडी धरून, आणि वरनं तिचा पट्टा सुरू. "हलवू नगंस रं! तुज्या आबाला बी धड काय धरता येत न्हवतं!" सगळे हसले. तात्या हसला नाही. तो पश्चिमेच्या बाजूला पत्र्याविना राहिलेल्या छताकडं बघत होता.

त्या बाजूची चित्रं आता त्याच्या घरी, माळवदाखाली, जुन्या साड्यांत गुंडाळून ठेवलीत. काकू रोज विचारते, डाळिंबाची खोकी ठेवायची कुठं. इंदापूरच्या अंगाला ढग दिसायला लागलेत. परवा मी बावड्याला गेलो तर तात्या घरी नव्हता. शेजारी म्हणाला, "निमगावाकडं गेलाय जणू, कुणाच्या तरी दारात हुबा असंल." काकूनं चहा टाकला. चित्रांची एक गठडी बाजूला सरकवून मला बसायला जागा केली, आणि म्हणाली, "तुमच्या वळखीचं कोण हाय का, पत्र्याची बोली देणारं?"