आईचा प

आईचं तोंड वाकडं झालं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि मला वाटलं, ती मला वेडावते आहे. मीही लगेच वेडावून दाखवलं. आई रडायला लागली, तीही एकाच बाजूनं. मग मी जी घाबरले!

सकाळी चहा पिताना ओठाच्या कडेनं सगळा चहा पातळावर सांडला होता. डावा डोळा मिटेना, डावा गाल हलेना. आमच्या गल्लीत तेवढ्यात "लकवा, लकवा" झालं. बाबा मध्य भारत सरकारच्या कचेरीत कारकून. ते त्या दिवशी कचेरीत न जाता महूच्या एका म्हाताऱ्या पारशी डॉक्टरला टांग्यात घालून घेऊन आले.

डॉक्टर म्हणाले, लकवा नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. औषध थोडं, कसरत जास्त. आरशासमोर बसून गाल फुगवायचे, फुंकर मारायची, भुवया चढवायच्या. दिवाळीपर्यंत चेहरा परत आला तर आला, नाहीतर असाच राहील. आईनं पदर तोंडावर ओढला, तो काही खाली येईना.

"और बोलने का," डॉक्टर म्हणाले. "ऐसा कोई नाम, जिसमें होठ बराबर बंद होवे. साब, तुमारा नाम क्या?"

बाबांनी सांगितलं. सुरुवातीलाच प, मध्ये भ.

"फर्स्ट क्लास! दिन में सौ बार."

आता बोला! लग्नाला बारा वर्षं झालेली आणि आईनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलेलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तर मला पुढे करायची. डॉक्टर गेल्यावर तिनं ठणकावलं, म्हणजे तेवढ्या तोंडानं जमेल तेवढं, "वाकडी राहीन, पण असलं करणार नाही."

तोड काढली शेजारच्या काकूंनी. "अगं, उखाण्यात चालतं ना? मग घे उखाण्यात!"

झालं! दिवसाला शंभर वेळा नाव म्हणजे दिवसाला शंभर उखाणे. दोन दिवसांत आईचे आणि काकूंचे संपले, आणि मग मी कामाला लागले. मला कसलीही लाज नव्हती. "पोळपाटावर पोळी, पोळीवर तूप, अमुकराव सदरा घालतात, पोट दिसतं खूप." "पापडावर पापड, पापड भाजले चारी, अमुकरावांची सायकल पंक्चर पोलोग्राउंडवर दुपारी." आई आरशासमोर बसून हे सगळं म्हणायची आणि नावाशी आलं की ओठातून हवा निसटायची. फुस्स! मी आणि काकू पोट धरधरून हसायचो. बाबा वर्तमानपत्रामागे बसायचे आणि त्यांचा पेपर थरथरायचा. हसतात, असं मी समजत होते.

आई मात्र हसत नव्हती. हळदीकुंकवाला जात नव्हती, दारात येत नव्हती. एकदा तिनं आरसाच भिंतीकडे फिरवून ठेवला आणि म्हणाली, "पुरे झालं तुमचं नाटक." मला तेव्हा फार राग आला. माझी आई मला परत पाहिजे होती, रागावली की दोन्ही भुवया चढवणारी. मी आरसा पुन्हा सरळ केला आणि पंचवीस नवे उखाणे तिच्या पुढ्यात टाकले. तिनं घेतले बिचारीनं.

दिवाळीला आठ दिवस उरले होते. फराळासाठी माळ्यावरचे डबे काढायला बाबा स्टुलावर चढले. स्टुलाचा एक पाय आधीच डुगडुगता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि स्टूल कलंडताना तिनं पाहिलं.

"अहो" म्हणायला वेळच नव्हता. दीड-दोन महिने दिवसाला शंभर वेळा घोटलेलं नावच तोंडातून सुटलं. ना उखाणा, ना राव. नुसतं नाव, असं खणखणीत की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. प अगदी पसारखा. भ भसारखा.

बाबा धाडकन खाली. भोवती चार डबे. आईनं जीभ चावली आणि काकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "आला गं, प आला!"

बाबांनी खाली बसल्या बसल्याच उत्तर दिलं, "ओ."

मला वाटलं, डोक्याला मार लागला. त्यांची आई ते सहा वर्षांचे असताना गेली आणि तेव्हापासून त्यांना घरात नुसत्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, हे मला कुठं ठाऊक! कचेरीत राव, गल्लीत बाबूजी, घरात अहो.

आईला ठाऊक होतं. "लागलं का हो?" असं विचारत ती त्यांच्याजवळ खाली बसली. ते नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग तिनं पदर बाजूला केला, दोन्ही ओठ नीट मिटले आणि पुन्हा एकदा, हळू, नाव घेतलं.

बाबांनी पुन्हा ओ दिली.