मुशी ओळखली सासूबाईंनी

नॉर्थ सीच्या काठावरच्या एका म्युझियमवाल्याने माझ्या सासूबाईंना फसवलं. सौदा मी ठरवला होता, म्हणून मला जास्त झोंबतं.

आम्ही जर्मनीत राहतो त्या वोल्फ्सबुर्गहून सुट्टीला गेलो होतो. सकाळच्या ओहोटीला वाळूवर एक धूड पडलेलं दिसलं. लांब मान, इवलंसं डोकं, अंगभर पांढुरक्या झिपऱ्या. लाल-पांढऱ्या पट्टीबाहेर निम्मं गाव जमलेलं. कुणी त्याला पुरातन प्राणी ठरवत होतं, कुणी राक्षस. बिल्लावाला म्युझियमचा गृहस्थ नुसताच दाढी खाजवत होता.

सासूबाईंनी चाळीस वर्षं अलिबागला मासळी विकली. आमच्याकडे जर्मनीत मात्र तीन महिने त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्या सरळ पट्टीखालून आत शिरल्या आणि मणक्यात अंगठा दाबला.

"जावईबापू, याला काटाच नाय. मुशी हाय, मोठ्या जातीची. जबडा नि कल्ले गळले की अशी मान दिसते."

"हळू बोला. फुकट सांगायचं नाही."

"सडक्या मुशीचं काय घेणार तुम्ही?"

मी गृहस्थाला बाजूला घेतलं. प्राणी ओळखून देतो म्हटलं, पण म्युझियममध्ये मांडाल तेव्हा पाटीवर सासूबाईंचं नाव, फोटो आणि धंदा हवा. घासाघीस करून नुसत्या नावावर उतरलो. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणत त्याने हात मिळवला. मग मी सांगितलं, ही मुशी, म्हणजे शार्क.

इथे कचऱ्याचा डबासुद्धा अर्ज भरल्याशिवाय मिळत नाही. आणि मी, तांदळाच्या पोत्यासाठी तीन दुकानं फिरणारा माणूस, मासळीबाजारात असल्यासारखा नुसत्या हातावर विसंबलो!

अलिबागला परत जाण्याच्या आदल्या दिवशी सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्याबरोबर म्युझियममध्ये आल्या. बाजारातल्या बायकांना दाखवायला त्यांना पाटीचा फोटो हवा होता. काचेच्या पेटीत मणका होता. पाटीवर लिहिलं होतं: ओळख पटवली, म्युझियमच्या तज्ज्ञांनी.

"यात माझं नाव कुठलं?"

मी गृहस्थाला गाठलं. तो म्हणाला, "आल्झो, म्हणजे असं की, तुमच्या सासूबाई शास्त्रज्ञ नाहीत ना."

मी इतका ओरडलो की तिकीटवाली धावत आली. सासूबाईंनी माझा दंड धरला.

"काढा फोटो. त्या बायांना कुठं जर्मन वाचता येतंय?"

मी काढला. त्यात त्या हसलेल्या नाहीत.

तेव्हा म्युझियमवाले साहेब, नाव का गाळलंत आणि पाटी कधी बदलताय, याचं उत्तर द्या. मला नको, त्यांना द्या. लेखी, सहीनिशी, अलिबागच्या पत्त्यावर.