बाईंनी केलेला चंद्राचा दगड

आमच्या घरमालकीणबाईंपेक्षा हट्टी माणूस अख्ख्या विदर्भात झाला नसेल, आणि झालाच असेल तर त्याची बाईंशी गाठ पडली नाही हे त्याचं नशीब. रामदासपेठेत त्यांच्या घराच्या माडीवर आम्ही नवरा-बायको बरीच वर्षं भाड्याने राहिलो. बाई कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची छाती कुणाची झाली नाही. दगड वितळवणं हे त्यांचं खरं काम. जमिनीच्या पोटात दगड कसा घडतो ते आत शिरून पाहता येत नाही, म्हणून त्या तो भट्टीत वितळवत, हव्या त्या उष्णतेला मुरू देत आणि एकदम पाण्यात टाकत, म्हणजे त्या घटकेला त्यात जे स्फटिक धरले असतील ते जागच्या जागी गोठत. हे त्यांनी मला आमच्या फाटकाशी, भाजीवाल्यासमोर समजावलं आणि त्यालाही समजल्याशिवाय त्याची गाडी पुढे जाऊ दिली नाही. हळदीकुंकवाला आमच्याकडे आल्या तर वाण बाजूला ठेवून आधी पाटा भिंगाखाली पाहिला आणि बायकोला म्हणाल्या, "यावर चटणी वाटता? वाटा, पण जरा मान ठेवून."

माणसाने चंद्रावरून दगड आणले तेव्हा बाईंनी परदेशी कळवलं की आम्हालाही एक कण द्या. तुमच्याकडे तशी सोय नाही, असं सभ्य उत्तर आलं. त्या दिवशी चहा पिताना बाई शांत होत्या, त्यामुळे आम्ही घाबरलो. मग म्हणाल्या, "नाही देत तर राहू द्या. त्यात काय काय आहे ते छापून आलंय. मी करते."

आणि खरंच, मसाला करावा तशा त्या वाळूची, लोखंडाची, टायटॅनियमची पूड तोलून मिसळू लागल्या. अडचण एकच होती. भट्टी जितका वेळ तापायला हवी, तितका वेळ वीज टिकत नसे. मध्येच दिवे जात आणि चंद्राचा दगड बिघडे. विभागप्रमुखांनी समजावलं की आपल्याकडे कोळसा मुबलक आहे, त्यावर लिहा, चंद्राचं ज्यांचं त्यांना पाहू द्या. बाईंनी त्यांच्या खोलीतला चहा त्या दिवसापासून सोडला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून थेट खापरखेडा गाठलं. माझा मेहुणा तिथल्या वीजकेंद्रात इंजिनिअर होता. बाईंनी त्याला असं काही फैलावर घेतलं, की जणू वीज तोच खिशात घालून बसला होता.

तो बिचारा म्हणाला, "बाई, आम्ही वीज बनवतो. कुठं कवा बंद कराची, ते वरून ठरते." मग जरा विचार करून त्याने सुचवलं, की पोळ्याला कारखाने बंद असतात, मागणी कमी असते, तेव्हा सहसा वीज जात नाही.

पोळ्याला कॉलेजही बंद. सुट्टीत इमारत उघडी ठेवता येणार नाही, असं विभागप्रमुखांनी बजावलं. रागावल्या की बाईंची भाषा कॉलेजचं कुंपण ओलांडून वऱ्हाडात शिरे. "मग उघडी नका ठेवू," त्या म्हणाल्या, "मले आत ठेवा अन् बाहेरून कुलूप लावा." विभागप्रमुखांना ती थट्टा वाटली. आदल्या संध्याकाळी बाई वळकटी घेऊन आत जाऊन बसल्या.

पोळ्याच्या दिवशी रस्त्याने सजवलेले बैल चालले होते आणि मी प्रयोगशाळेच्या गजांतून पुरणपोळीचा डबा आत देत होतो. तेवढ्यात विभागप्रमुख आले. भट्टी आत्ता बंद करून बाहेर या, म्हणाले. बाईंनी पदर खोचलेला होता, चेहरा धगीने लाल झाला होता. वर्षभराची मेहनत त्या भट्टीत होती आणि नोकरी खिडकीबाहेर उभी होती. बाईंचा आवाज मात्र चढलासुद्धा नाही.

"सर, आज बंद केली तर मी पुढच्या सणाले पुन्हा बसीन. अन् आपल्याकडे सण लई आहेत."

ते बराच वेळ घुटमळले. शेवटी विचारलं, आत पंखा आहे का. नाही म्हटल्यावर निघून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक दणाणत असताना बाईंनी दगड पाण्यात टाकला. हरभऱ्याएवढा, काळा. त्याची कागदाहून पातळ चकती कापून पाहिली तेव्हा स्फटिक त्यांनी आधीच कागदावर मांडलेल्या क्रमानेच धरलेले निघाले. ज्यांनी कण नाकारला होता, त्यांच्याच देशात त्यावरचा बाईंचा लेख छापून आला. बढती मिळाली नाही. बाईंनी ती मागितलीही नाही.

निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर मंदावत गेली. एका दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं, दगडातून गाळीव उजेड सोडणाऱ्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली चंद्राच्या दगडाची ती चकती ठेवली आणि काय दिसतं ते सांगा म्हणाल्या. मला त्यातलं काय कळणार? निळं दिसतंय, म्हटलं, कडेला पिवळं, मधून काळ्या काड्या. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"आता चकती हळूहळू फिरवा."

मी फिरवली. निळं फिकटत गेलं आणि साफ काळं झालं.

"बाई, विझलं," मी म्हणालो.

"पेटंल. तुम्ही फिरवत राहा."